काट्यांची बाग आणि फुलांची वाट

परतूरसारख्या गावात बाग करायची म्हटली की पहिला प्रश्न रोपाचा नसतो, पाण्याचा असतो. मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहायची, आणि घरातल्या बाईने हंडे-कळशा मोजून दिवस काढायचे. अशा वेळी गुलाबाच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतताना हात आखडतो. २०१२-१३च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. लेकरांसारखी वाढवलेली झाडे अनेक शेतकऱ्यांना तोडावी लागली. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरचा मोगरा आणि गुलाब गेले. मग घरात बसून ठरवले की झाडे ठेवायची तर या हवेला मानवतील अशीच ठेवायची. तेव्हापासून गच्चीवर निवडुंग आहेत.

हिशेब साधा आहे. ४० कुंड्या मोगऱ्या-गुलाबाच्या असतील आणि प्रत्येकीला रोज अर्धा लिटर पाणी धरले, तर महिन्याला ६०० लिटर लागते. तेवढ्याच निवडुंगाच्या कुंड्यांना भर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाव-पाव लिटर दिले तरी महिन्याला ४०-४५ लिटरांत भागते. हिवाळ्यात तर जवळजवळ काहीच लागत नाही. वुजूचे पाणी परातीत धरून ठेवले तरी एवढी बाग जगते. वुजूतही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहेच.

काटे घरात कशाला?

पहिली कुंडी आणली तेव्हा अम्मी म्हणाल्या, “घर में काँटे कायकू लाए?” हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. काट्याचे झाड दारात असले की भांडणे होतात, असा एक समज सगळ्याच समाजांत आहे. त्याला काही आधार नाही. पण आपल्याकडच्या बुजुर्गांच्या मनात आणखी एक गोष्ट असते. जहन्नममधल्या ‘जक्कूम’ या झाडाचा उल्लेख कुरआनात आहे, आणि काही उर्दू तर्जुम्यांत त्यासाठी ‘थूहर’ हा शब्द आला आहे. थूहर म्हणजे निवडुंग, आणि तो घरात नको, असे त्यांना वाटते.

तर्जुम्याचा अर्थ सांगणे हे आलिमांचे काम आहे, त्यात आम्ही पडत नाही. वनस्पतीची ओळख मात्र शिक्षक म्हणून सांगू शकतो. थूहर आणि कॅक्टस ही दोन वेगळ्या कुळांतली झाडे आहेत. आपल्या बांधावरचा तीनधारी निवडुंग, ज्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो थूहर. तो एरंडाच्या कुळातला आहे. खऱ्या कॅक्टसला असा चीक सहसा नसतो. त्याच्या अंगावर लहान लहान मऊ गाद्या असतात. काटे त्या गादीतून निघतात आणि फूलही तिथूनच. शिवाय एखादा अपवाद सोडला, तर कॅक्टसचे सगळे प्रकार मूळचे अमेरिका खंडातले आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अरबस्तानात किंवा हिंदुस्थानात कोणी कॅक्टस पाहिलेलाच नव्हता. हे ऐकून अम्मींनी मान हलवली, पण कुंडी जिन्याच्या कोपऱ्यात ठेवायला लावली. लहान मुले असलेल्या घरात तो सल्ला तसाही योग्यच आहे.

एक काळजी मात्र जरूर घ्यावी. थूहराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून तो मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये. फड्या निवडुंगाची केसासारखी बारीक कुसळे कातडीत रुतली तर चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढून काढावीत.

फड्या निवडुंग आपल्याकडे कसा आला?

ज्याला आपण अगदी गावठी समजतो, तो फड्या निवडुंगही परदेशी पाहुणा आहे. मेक्सिकोत या झाडावर एक बारीक किडा वाढवून त्यापासून लाल रंग काढत. किरमिजी रंग तो हाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला हा रंग हिंदुस्थानातच तयार करायचा होता, म्हणून मद्रासकडे निवडुंगाच्या बागा लावल्या गेल्या. १७९५मध्ये ब्राझीलहून किडाही आणला, पण तो हलक्या जातीचा निघाला. रंगाचा धंदा बसला आणि निवडुंग रानोमाळ पसरला. पुढे त्याच्या दुसऱ्या एका जातीने दक्षिणेत शेते आणि गायराने व्यापली. तेव्हा १९२६मध्ये श्रीलंकेतून त्याच प्रकारचा आणखी एक किडा आणून सोडण्यात आला, आणि थोड्याच वर्षांत त्याने निवडुंगाचे रान आटोक्यात आणले.

आज वारे पुन्हा उलटे फिरले आहे. काटे नसलेला फड्या निवडुंग कोरडवाहू भागात जनावरांचा चारा म्हणून लावता येईल का, याचे प्रयोग जोधपूरची ‘काझरी’ आणि पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनची ‘बायफ’ या संस्थांनी केले आहेत. सोलापूर-सांगलीकडे शेतकरी ड्रॅगन फ्रूट लावतात, तेही कॅक्टसच. आणि ज्या ‘ब्रह्मकमळा’चे फूल पाहायला आपल्याकडे रात्री शेजारीपाजारी जमतात, तोसुद्धा मेक्सिकोकडच्या जंगलातला एक कॅक्टसच आहे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ वेगळे.

फूल कशामुळे येते?

बहुतेक घरांत निवडुंग असतो, पण त्याला फूल आलेले कोणी पाहिलेले नसते. कारण आपण त्याला बारा महिने सारखेच वागवतो. त्याच्या मूळ मुलुखात तसे नसते. तिथे थंडी कोरडी असते, रात्री गार असतात, आणि झाड काही महिने झोपून राहते. त्या विश्रांतीतच कळीची तयारी होते.

हे झाड पाणी कसे वाचवते, तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. साधी झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडतात आणि त्यातून पाणी उडून जाते. कॅक्टसला पाने जवळजवळ नसतातच, त्यांचे काटे झालेले असतात. खोडावरची रंध्रे तो दिवसा मिटून घेतो आणि रात्री गारव्यात उघडतो. रात्री घेतलेली हवा आम्लाच्या रूपात साठवतो आणि सकाळी उन्हात तिचे अन्न करतो. वर्गात हा धडा शिकवताना आम्ही एक कुंडी टेबलावर ठेवतो. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा मुलांना ती जास्त समजते.

परतूरची डिसेंबर-जानेवारीची हवा या झाडाला अगदी हवी तशी असते. दिवसा कोवळे ऊन आणि रात्री गारठा. आपण फक्त एकच करायचे, पाणी थांबवायचे. झाड थोडे सुकते, आत ओढल्यासारखे दिसते. घरातल्या मायाळू माणसांना ते बघवत नाही. पण त्या दिवसांत पाणी घातले तर झाड वाढते आणि फूल राहून जाते.

काळी माती आणि पावसाळा

आपल्याकडे निवडुंग उन्हाने कमी आणि पावसाने जास्त मरतो. दुधनेच्या खोऱ्यातली आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण कॅक्टसला घातक आहे. ती पाणी धरून ठेवते, आणि मुळे कुजतात. म्हणून कुंडीत शेतातली माती भरू नये. दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा आणि एक भाग जुने शेणखत किंवा गांडूळखत, हे मिश्रण आम्हाला चांगले मानवले. कुंडी मातीचीच घ्यावी, बुडाला मोठे भोक असावे, आणि ती दोन विटांवर उचलून ठेवावी.

जमिनीत लावायचे असेल तर मुरूम-दगडांचा हात-दीड हात उंच उतार करून त्यावर लावावे. फड्या आणि खांबासारखा उभा वाढणारा निवडुंग असा पाऊस सोसतो. गोल, लहान जाती मात्र जून ते सप्टेंबर पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली, पण वाऱ्यावर ठेवाव्यात.

वाळवंटातले झाड आहे म्हणून मे महिन्याच्या उन्हात सोडून देणेही चूक. ४२-४३ अंशांत सिमेंटची गच्ची तव्यासारखी तापते. झाडाच्या नैर्ऋत्येकडच्या बाजूवर पिवळट-पांढरा डाग पडतो, तो पुन्हा जात नाही. मार्चच्या अखेरीपासून हिरवी जाळी बांधावी.

वर्षभराची कामे

ऑक्टोबरमध्ये पाणी कमी करत जावे. नोव्हेंबरच्या मध्यापासून ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत बंद ठेवावे; अगदीच लहान रोपाला महिन्यातून एकदा दोन-तीन चमचे पुरतात. फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी पहिले भरपूर पाणी द्यावे आणि माती पूर्ण वाळल्याशिवाय दुसरे देऊ नये. या वेळी पालाश जास्त आणि नत्र कमी असलेले खत अगदी पातळ करून एकदा द्यावे. युरियाने झाड फुगते, फुलत नाही. गादीवर लोकरीसारखा ठिपका दिसला की ती कळी समजावी. त्यानंतर कुंडीची जागा आणि दिशा बदलू नये. खाचांत कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या दातांच्या ब्रशने साबणाचे पाणी लावून काढावा.

सुरुवात करणाऱ्यांनी मॅमिलेरिया घ्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या डोक्यावर गुलाबी किंवा पिवळसर फुलांचे कडे उमटते. बी पेरल्यापासून दोन-चार वर्षांत तो फुलतो. एकिनॉप्सिस थोडा सब्र मागतो, पण बाजूला पिल्ले भरपूर देतो. सोनेरी काट्यांचा गोल ‘गोल्डन बॅरल’ दिसायला देखणा असला तरी त्याला फूल यायला पंधरा-वीस वर्षेही लागतात. तो आपल्यासाठी नव्हे, मुलांसाठी लावावा.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. काही विक्रेते रंगीत वाळलेली फुले डिंकाने कॅक्टसवर चिकटवतात. खरे फूल गादीतून निघते आणि ऊन-सावलीप्रमाणे उघडते-मिटते. लाल-पिवळ्या चेंडूसारखा ‘मून कॅक्टस’ म्हणजे दोन झाडांचे कलम असते. वरच्या रंगीत झाडात हरितद्रव्य नसते, तो खालच्या हिरव्या झाडाच्या जिवावर जगतो आणि बहुधा काही वर्षांतच जातो. भेट द्यायची तर तो टाळावा.

सहरीच्या वेळी उमललेले फूल

एकिनॉप्सिसची कळी केसाळ, काळपट असते. काही आठवडे ती हळूहळू लांबत जाते. मग एका संध्याकाळी तिचे टोक सैल होते आणि रात्रीतून वीतभर लांब नळीवर पांढरे मोठे फूल उघडते. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की ते मान टाकते. वर्षभराची वाट, आणि फूल एका रात्रीचे. रात्री फिरणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी निसर्गाने ही वेळ ठेवली आहे, म्हणून सकाळी नऊला उठणाऱ्याला ते कधी नीट दिसत नाही.

२०२३चा रमजान मार्चच्या अखेरीस सुरू झाला होता. आपले महिने चंद्राप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, निवडुंग सूर्याप्रमाणे चालतो. त्या वर्षी दोघांची गाठ पडली. सहरीला उठलो तेव्हा जिन्याच्या कोपऱ्यात तीन फुले उघडी होती. अम्मींना हात धरून आणले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सुभानअल्लाह, इसकू कितना पानी दिए थे?” थंडीत अडीच महिने थेंबही दिला नव्हता, हे सांगितल्यावर त्यांना आधी पटले नाही. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात “पानी नक्को डालो” म्हणून नातवंडांना दटावायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

सब्र

अरबी भाषेत निवडुंगाला सब्बार म्हणतात, आणि पॅलेस्टाइनमध्ये त्याचे नाव सब्र असेच आहे. स्वाद, बे, रे ही मुळाक्षरे तीच. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या शेताला आणि घराला फड्या निवडुंगाचे कुंपण केले. १९४८मध्ये जी गावे ओस पडली, त्यांतल्या अनेक गावांची घरे आज उरलेली नाहीत, पण निवडुंगाच्या रांगा पुन्हा पुन्हा फुटतात. गाव कुठे होते, ते त्या रांगांवरून कळते. मोरोक्कोत मात्र २०१४पासून किरमिजी किड्याने निवडुंगाची कुंपणे आणि फळबागा फस्त केल्या. आपल्याकडे १९२६मध्ये जो उपाय ठरला, तीच तिथे आपत्ती झाली.

आपल्या गच्चीवरची गोष्ट एवढी मोठी नाही. पण टंचाईच्या गावात फुले पाहणे ही फक्त बोअर आणि टाकी असलेल्यांची मिजास राहू नये, असे आम्हाला वाटते. एकिनॉप्सिसचे एक पिल्लू तोडावे, आठवडाभर सावलीत वाळू द्यावे, मग मुरमाच्या कुंडीत टेकवावे. पैसे लागत नाहीत. आमच्या गच्चीवरून अशी पिल्ले गल्लीतल्या अनेक घरांत आणि शाळेच्या पायऱ्यांवर गेली आहेत. येत्या नोव्हेंबरात तुमच्या घरातल्या निवडुंगाचे पाणी थांबवून पाहा, आणि इन्शाअल्लाह मार्चमध्ये रोज सकाळी त्याच्या गाद्या न्याहाळायला विसरू नका.