मेजर मँटचं गणित

इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर कोल्हापूरच्या राजाची छत्री आहे. दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा प्रवास आटोपून परत निघाले होते. ३० नोव्हेंबरला वाटेतच, फ्लोरेन्समध्ये, ते वारले. वय अवघं वीस. संगमावर त्यांना अग्नी दिला गेला आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आतला अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी इंजिनिअरचा. हाच मँट कोल्हापूरच्या रोजच्या रस्त्यांवर भेटतो, पण त्याला नावाने ओळखणारे फार थोडे. म्हणून हा लेख.

त्या काळी इंग्लंडमध्ये इंजिनिअरला केवढा मान होता! बोरीबंदर-ठाणे रेल्वे ज्या जीआयपी कंपनीची, तिचा सल्लागार रॉबर्ट स्टीफन्सन १८४७ पासून मरेपर्यंत पार्लमेंटचा सभासद होता. १८५९ मध्ये गेला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत जागा मिळाली. रॉयल इंजिनिअर्समधल्या मँटच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्याचं नाव मागे राहिलं ते दगडात, तेही बहुतेक संस्थानिकांच्या राजधान्यांत.

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडने सीपीआर हॉस्पिटलकडे या. टाऊन हॉल मँटचा, १८७२ ते १८७६ मधला. उतरती छपरं, निमुळते मनोरे, टोकदार कमानी. एखाद्या इंग्रजी गावातून उचलून बागेत आणून ठेवावा असा. १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, ब्रह्मपुरीला सापडलेली रोमन समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आणि इतर वस्तू यांचं संग्रहालय उभं राहिलं, आणि पुढे ते याच इमारतीत आलं. जवळच सीपीआर, म्हणजे पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तेही मँटच्याच आराखड्यावरचं.

पण मी रेंगाळलो ते न्यू पॅलेसमध्ये. काम १८७७ मध्ये सुरू झालं, १८८४ मध्ये संपलं. टाऊन हॉलची पायाभरणी आणि या राजवाड्याची पायाभरणी यांत पाचच वर्षांचं अंतर. तेवढ्यात या माणसाची नजर किती बदलली ते इथे दिसतं. इंग्रजी चर्चची वळणं मागे पडली. काळ्या, घोटीव दगडावर राजपुती छत्र्या, जैन मंदिरांची आठवण देणारी कोरीव कामं, मधोमध घड्याळाचा मनोरा. फ्लोरेन्सच्या छत्रीत जे छोट्या प्रमाणात करून पाहिलं, त्याचाच हा विस्तार, असं मला वाटतं. एखाद्या परक्या माणसाने इथल्या गवंड्यांच्या हातातली कला पाहून आपला हात बदलावा, ही मला त्याच्या कामातली सर्वात मोठी गोष्ट वाटते.

दरबार हॉल दोन मजले उंच आहे. रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. वर सज्जा फिरतो. नजर काचांवर जाते, पण मी सांगेन, सज्जाखाली पाहा. सज्जा ओतीव लोखंडाचा आहे आणि त्याचा भार कंसांवर तोलला आहे. दगड दाबाला बळकट आणि ताणाला दुबळा, म्हणून तो कमानीत सुखी असतो. पुढे काढलेल्या सज्जाचं वजन त्याच्यावर बेताबाहेर टाकलं तर तो वाकण्याआधीच तुटतो. ओतीव लोखंडाचा स्वभावही फारसा वेगळा नाही. ते पूर्वसूचना न देता तडकतं. म्हणजे प्रत्येक कंसाची जाडी, त्याचा भिंतीतला शिरकाव आणि भिंतीचं त्यावरचं वजन हे सगळं आधी कागदावर जुळावं लागतं. वर माणसं उभी राहणार, दरबार भरणार, आणि चूक सुधारायला दुसरी संधी नाही.

मँटचा शेवट याच भीतीत झाला, असं सांगतात. बडोद्याचा लक्ष्मीविलास, दरभंगा, कूचबिहार अशी मोठी कामं त्याच्या डोक्यावर होती. आपली आकडेमोड चुकली आहे, आपण काढलेले महाल कोसळणार आहेत, या विचाराने त्याचं मन बिघडलं. १८८१ मध्ये तो गेला. लक्ष्मीविलास पुढे रॉबर्ट चिझमने पुरा केला. कोल्हापूरचा राजवाडाही मँटच्या मागेच पुरा झाला.

आणि ज्या राजाच्या कारकिर्दीत हा वाडा उभा राहत होता, त्याची कथा याहून करुण. चौथे शिवाजी महाराज दत्तक आलेले, कोवळ्या वयाचे. त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. १८८३ च्या नाताळात तिथल्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. १७ मार्च १८८४ ला कागलचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू महाराज झाले. वाडा पुरा होण्याचं वर्षही तेच.

महाल कोसळले नाहीत. जवळपास दीडशे वर्षांच्या पावसाळ्यांनी मँटचं गणित तपासून दिलं आहे. आता काळजी वेगळी आहे, आणि ती मला या इमारतींपाशी सोडत नाही. त्या काळची दगडी कामं घाण्यात मळलेल्या चुन्यात आहेत. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांतून बाहेर पडतं. डागडुजीला आलेला ठेकेदार सिमेंटने दरजा भरतो, काम चकाचक दिसतं, आणि पाणी आत अडकतं. मग ते दगडातूनच वाट काढतं, पापुद्रे सुटू लागतात. कोल्हापूरच्या पावसात हे फार लवकर होतं. सांध्यात पिंपळाचं एक रोप धरलं तर ते वरून छाटून भागत नाही. मूळ भिंतीच्या गाभ्यात गेलेलं असतं.

राजवाड्याला निदान घराची नजर आहे. तळमजल्यावर संग्रहालय, वरच्या बाजूला राजघराणं राहतं. सरकारी दवाखान्याची जुनी इमारत मात्र रोज राबते. नळ हवा, वीज हवी, रोग्याला खाट हवी, आणि ते सगळं न्याय्यच आहे. पण दर वेळी भिंतीला भोक पाडताना हा दगड कशावर टेकला आहे, हे विचारणारा माणूस तिथे हवा. चुना मुरवणारे, तो घोटणारे गवंडी कमी होत चालले आहेत. सरकारी दरपत्रकात सिमेंटच्या कामाचा दर सहज सापडतो, चुन्याच्या कामासाठी मात्र वेगळी मंजुरी, वेगळा ठेकेदार शोधावा लागतो, म्हणून फाईल सोप्या वाटेने जाते. कोल्हापुरात वास्तुकला शिकणारी मुलं आहेत. त्यांनी पावसाळ्याआधी टाऊन हॉल आणि सीपीआरची दगडन् दगड मोजणी करावी, कंसांच्या, कमानींच्या, पन्हाळींच्या नोंदी काढाव्यात, म्हणजे पुढच्या दुरुस्तीची निविदा निघेल तेव्हा मँटने भार कुठून कुठे नेला होता ते ठेकेदाराच्या हाती कागदावर देता येईल.