गो (इंग्रजी क्रियापद)

‘गमन करणे’ हा मूळ अर्थ असलेले इंग्रजी भाषेतील एक अत्यंत प्रचलित क्रियापद. त्याची मुख्य रूपे गो, वेंट, गॉन अशी आहेत. यांतील ‘वेंट’ हे भूतकाळाचे रूप ‘गो’पासून झालेले नाही, हे त्याचे लक्षणीय वैशिष्ट्य होय.

प्राचीन इंग्रजीत हे क्रियापद ‘गान’ असे होते. जर्मन ‘गेहेन’ हे त्याचे सगोत्र रूप. त्याचा भूतकाळ ‘एओदे’ असा, म्हणजे तेव्हाही निराळ्याच धातूचा होता. ‘वळणे’ व पुढे ‘जाणे’ असा अर्थ असलेल्या ‘वेंड’ या दुसऱ्या क्रियापदाचे ‘वेंट’ हे भूतकाळी रूप. चौदाव्या शतकात चॉसरच्या लेखनात ‘एओदे’पासून आलेले ‘येदे’ आणि ‘वेंटे’ ही दोन्ही आढळतात, सु. १५०० पर्यंत दक्षिणेकडील इंग्रजीत ‘वेंट’ने पहिल्याची जागा पूर्णपणे घेतली. स्कॉटलंडमध्ये मात्र ‘गेड’ असे नियमित रूप रूढ झाले.

मराठी वाचकास हा प्रकार अपरिचित वाटू नये. ‘जातो’ हे रूप संस्कृत ‘या’ धातूपासून, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून आले आहे. संस्कृतात ‘दृश्’ धातूचे वर्तमानकाळी रूप ‘पश्यति’ असे होते, याची उपपत्ती पाणिनीने आदेशाच्या कल्पनेने लावली.

‘गो’ व ‘गम्’ यांच्या ध्वनिसाम्यावरून ते एकाच मुळाचे असावेत, असे पुष्कळांस वाटते. ते बरोबर नाही. ‘गम्’मधील मूळ इंडो-यूरोपियन व्यंजनाचा इंग्रजीत, ग्रिमच्या नियमानुसार, ‘क’ होतो. संस्कृत ‘गो’ (गाय) व इंग्रजी ‘काउ’ ही जोडी प्रसिद्धच आहे. त्यामुळे ‘गम्’चा इंग्रजीतील खरा सगोत्र ‘येणे’ या अर्थाचा ‘कम’ हा ठरतो. आपले ‘गेला’ आणि इंग्रजांचे ‘कम’ ही एका कुळातील, हे चमत्कारिक वाटले तरी खरे आहे.

अर्थविस्तारात ‘गो’ने स्थित्यंतराचा अर्थ घेतला, वेड लागणे, आंधळे होणे, अन्न नासणे यांसाठी तो योजतात. हा बदल बहुधा अनिष्ट असतो. स्वप्न खरे होण्यासाठी मात्र ‘कम’ लागतो. ‘गोइंग टू’ या रचनेत गतीचा अर्थ लोपून केवळ भविष्यकाळ उरला आहे. ‘तो पुण्यास गेला आहे’ येथे ‘गॉन’, पण ‘जाऊन आला आहे’ येथे ‘बीन’ हवे. हा भेद आपल्याकडे वारंवार सुटतो. निरोप घेताना ‘जातो’ हे अशुभ मानून ‘येतो’ म्हणण्याचा मराठी शिष्टाचार शब्दशः इंग्रजीत नेल्यास, बोलणारा निघत नसून येऊन पोहोचणार आहे, असा श्रोत्याचा समज होतो.