डाळिंबाची मर : आधी खोड चिरून पाहा

शिरूर आणि दौंडच्या जिरायती पट्ट्यात ठिबकवर जगलेलं डाळिंब मरायला लागतं, ते एका फांदीपासून. पानं पिवळी पडतात, फांदी वाळते, फळं तशीच लटकून राहतात. मग शेजारची फांदी, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सगळं झाड. पाणी कमी पडलं असं वाटून ठिबकचे तास वाढवले जातात आणि नुकसान तिथेच वाढतं.

झाडाला पाणी हवंच असतं, पण ते वर चढत नाही. सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही बुरशी मुळांवाटे किंवा जखमेतून लाकडात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये पसरते. त्या तुंबतात. हीच बुरशी 1890 मध्ये अमेरिकेत रताळ्यावर प्रथम नोंदली गेली.

खात्री करायची तर वाळत्या झाडाचं खोड बुंध्याजवळ आडवं कापा. कडेच्या लाकडात राखाडी-तपकिरी, काळपट डाग दिसले तर संशय पक्का धरा. फ्युजेरियम बुरशीनेही झाड मरतं, म्हणून प्रयोगशाळेत एक साधी युक्ती वापरतात : डागी लाकडाचा तुकडा गाजराच्या दोन चकत्यांमध्ये दाबून ओलाव्यात ठेवायचा. सेराटोसिस्टिस असेल तर काही दिवसांत गाजरावर बुरशीची लांब मानेची बारीक काळी फळं उगवतात. मला ही तपासणी फार आवडते, कारण तिला बाजारातून फक्त गाजर आणावं लागतं!

पसरण्याचे रस्ते मात्र बरेच : एकमेकांत गुंतलेली मुळं, वाहतं पाणी, माती, छाटणीची कात्री, रोगट बागेतली गुटी कलमं. मुळांवरच्या सूत्रकृमींच्या जखमा आणि खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा शॉट होल बोरर बुरशीचं काम सोपं करतात. भीमा-घोडकाठच्या भारी काळ्या रानात पाणी साचतं, म्हणून तिथे धोका जास्त. निचऱ्याची मुरमाड जमीन डाळिंबाला बरी.

पूर्ण वाळलेलं झाड औषधाने परत येत नाही. आळवणी करायची ती शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या झाडांना. औषध आणि मात्रा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणेच घ्या. रोगट आणि निरोगी झाडांमध्ये तीन-चार फूट खोल चर काढा, म्हणजे मुळांची गाठ तुटेल. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. आणि उपटलेलं झाड बागेतून फरफटत नेऊ नका, मुळांची माती वाटभर सांडते. ते मुळांसकट गोळा करून बागेबाहेर जाळा.