तिनांची साखळी

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात, हे आपणां सर्वांस शाळेपासून ठाऊक आहे. आज आम्ही अशा संख्यांची एक लहानशी गंमत सांगणार आहोत. मात्र तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे.

पाटीवर ३१ लिहा. ही मूळ संख्या. तिच्या डावीकडे एक तीन जोडा : ३३१. हीही मूळच. पुन्हा तीन जोडा, पुन्हा जोडा. ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१, ३३३३३३३१ या साऱ्या संख्या मूळच निघतात. सात वेळा चोख माल देणाऱ्या वाण्याकडे आठव्या वेळी आपण वजन तपासत नाही. मग येथेच का तपासावे?

तपासावे, कारण आठव्या पायरीवर साखळी तुटते. ३३३३३३३३१ म्हणजे १७ गुणिले १९६०७८४३.

हे भागाकार केल्यावर कळले. पण साखळी कोठेतरी तुटणारच, हे या भागाकारावाचूनही सांगता आले असते. ओळीने पंधरा तीन लिहिले, तर त्या संख्येला ३१ ने निःशेष भाग जातो. आता हे पंधरा तीन ३१ च्या डावीकडे मांडा. नव्या संख्येचे दोन भाग पडतात : पंधरा तिनांपुढे दोन शून्ये, अधिक ३१. दोन्ही भागांना ३१ ने भाग जातो; म्हणून सबंध संख्येलाही जातो. म्हणजे ज्या ३१ पासून साखळी निघाली, तिच्यातच तिचा शेवट दडलेला होता.

परंतु साखळी तुटली म्हणजे तिच्यातल्या मूळ संख्या संपल्या, असेही नव्हे. या सतरा अंकी संख्येला आणखी एक तीन जोडताच ३३३३३३३३३३३३३३३३३१ ही अठरा अंकी मूळ संख्या मिळते! एकंदर मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी सिद्ध केले. या कुळातल्या मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे मात्र अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही.

सात उदाहरणे जुळली, म्हणजे आठवे जुळेलच असे नाही. अनुभवाने आपल्याला शंका विचारावयाची वाट सापडते. खात्री हवी असेल तर सिद्धताच लागते. गणित आपल्याला शिकविते ते हेच, आणि व्यवहारातही ते विसरण्याजोगे नाही.