झाडतोडीचे मोल कोणी ठरवायचे?

श्रमाला किंमत असते हे आता सगळेच मान्य करतात. ती किंमत बोलायची कोणी, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांत कुऱ्हाड, दोर आणि पेट्रोलवर चालणारी कटर मशीन घेऊन स्वतःच्या हिमतीवर झाडतोडीची कामे घेणारी माणसे आहेत. ती कोणाची सालगडी नाहीत, कोणाच्या मस्टरवरही नाहीत. झाडावर चढताना त्यांचा पाय कापत नाही. पण झाडाच्या मालकाने ‘किती घेशील?’ असे विचारले की जीभ अडखळते आणि ‘तुम्हीच द्या काय ते, मालक’ एवढेच शब्द बाहेर पडतात. या एका वाक्यात चार माणसांची दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून हे वाक्य येते कुठून आणि त्याच्या जागी कोणते वाक्य यायला हवे, याचा विचार करणे भाग आहे.

बलुत्याच्या व्यवस्थेत काम होते, कामाचे माप नव्हते. मढ्याचे सरपण वाहायचे, होळीला लाकडे आणायची, साहेबाचा मुक्काम पडला की जळण पुरवायचे, ही महाराची कामे. मोबदला मिळायचा तो सुगीला, खळ्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. काम ठरलेले असावे आणि मोबदला रोख असावा, हा त्यामागचा एक मुख्य आग्रह होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना मजुरी मापावर आली खरी, पण टेप कारकुनाच्या हातात होता. माप आपल्या हाती यावे, भाव आपल्या तोंडून निघावा, अशी वेळ स्वतंत्र धंदा करणाऱ्यावर पहिल्यांदाच आली आहे. तिची सवय त्याला घरातून मिळालेली नाही. ती शिकावीच लागते.

झाडतोडीचे काम तीन रीतींनी घेतले जाते. पहिली रीत रोजाची. दिवस मोजायचे आणि पैसे घ्यायचे. हत्यार मालकाचे, जोखीम मालकाची आणि दिवस सरळ असेल तर ही रीत वाईट नाही. दुसरी रीत उक्त्याची. सगळ्या कामाचा एक आकडा ठरतो. काम लवकर उरकले तर फायदा आपला, अडले तर तोटाही आपलाच. तिसरी रीत लाकडावर. मालक म्हणतो, ‘पैसे कशाला? लाकूड घेऊन जा.’ ऐकायला हे उदार वाटते, परंतु तीत बलुत्याचा वास आहे. मोबदला वस्तूत द्यायचा आणि वस्तूची किंमत देणाऱ्याने मनात धरायची, हीच ती जुनी चाल. लाकडावर काम घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. चांगल्या चिंचेचे किंवा आंब्याचे खोड असेल तर वखारवाला त्याला पैसे मोजतो. मात्र लाकडाचा हिशेब वेगळा आणि श्रमाचा वेगळा मांडून मगच दोन्हींची बेरीज-वजाबाकी करावी.

आधी लाकडाचे पाहू. वखारीत इमारती लाकूड बहुधा चौथाई गोलाईने मोजतात. खोडाचा घेर घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करून लांबीने गुणायचे. घेर ४ फूट आणि लांबी ९ फूट असेल तर या रीतीने ९ घनफूट येतात. भूमितीने त्याच खोडाचे खरे घनफळ सुमारे साडेअकरा घनफूट आहे. म्हणजे एकवीस-बावीस टक्के लाकूड मापातच निसटते. साल आणि करवतीचा भुसा धरून ही सूट पडली, असे सांगितले जाईल, आणि व्यापाराची रीत म्हणून ती मान्यही करावी. पण आपण कापतो ते साडेअकरा आणि पैसे मिळतात ते नवाचे, हे भाव करताना ठाऊक असले पाहिजे. जळाऊ लाकूड वजनावर जाते. ओल्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. वाळवून विकायचे तर जागा हवी आणि वजन घटते. ओले विकायचे तर भाव घटतो. भीमा-घोडीच्या काठची वेडी बाभूळ कोळशाला चांगली, पण तिच्या काट्यांतून वाट काढण्यातच अर्धा दिवस जातो.

आता श्रमाचा हिशेब. पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचा भाव घालावा. पत्र्याच्या घरावर कललेला, विजेच्या तारेजवळचा एक जुना कडुनिंब उतरवायचा आहे. माणसे चार, दिवस दोन. रोज ७०० रुपये धरला तर ५,६०० झाले. वर चढणारा जीव टांगणीला लावतो, त्याला रोजी ३५० जादा, म्हणजे ७००. पेट्रोल-तेल ५००. साखळी आणि कानस यांचे १२०. मशीन १२,००० ची आणि ती ३०० दिवस चालेल असे मानले तर दिवसाला ४०, दोन दिवसांचे ८०. दोर ३,००० चा आणि ६० दिवसांनी बाद करायचा, तर दोन दिवसांचे १००. टेम्पोच्या दोन खेपांचे ३,०००. झाड पाहायला आणि परवानगीची चौकशी करायला गेलेला अर्धा दिवस ३५०. येथवर १०,४५० झाले.

बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो, नव्हे, याच्याही पुष्कळ आधी संपतो. पण वर्षाचे सगळे दिवस काही कामाचे नसतात. पावसाळा जातो, आजारपण जाते, काम शोधण्यात दिवस जातात. नोकरदाराला रविवारचा पगार मिळतो, आपला रिकामा दिवस कामाच्या दिवसानेच पोसावा लागतो. त्यासाठी १,००० धरू. बेरीज ११,४५०. फांदी पत्र्यावर पडली, तार तुटली, कोणी जखमी झाले, तर त्यासाठी दहावा हिस्सा, म्हणजे १,१४५. एकूण १२,५९५. हा आपला आकडा. याच्या खाली नफा नाही, फक्त तोटा आहे.

मालक म्हणतो, ‘लाकूड घेऊन जा, वर दोन हजार देतो.’ वखारीत ते २० क्विंटल भरले आणि ३०० रुपयांनी गेले, तर ६,००० मिळतील. दोन्ही मिळून ८,०००. तूट ४,५९५. ती भरून कोण काढते? आधी जोखमीचे आणि रिकाम्या दिवसाचे मिळून २,१४५ जातात. उरलेले २,४५० मजुरीतून जातात. चौघांच्या ६,३०० पैकी ३,८५० हाती राहतात. सातशेच्या जागी माणशी साधारण ४८० रोज पडला आणि वर, पत्रा फुटला तर पदरचे भरायचे. मालकाने कोणाला लुबाडले असे कोणीच म्हणणार नाही. न मांडलेल्या हिशेबाने लुबाडले.

अपघाताचा खर्च वेगळा काढायचा तो याचसाठी की स्वतःच्या नावावर काम घेणाऱ्याला भरपाई देणारा मालक नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण आहे. टोळीतल्या प्रत्येकाचा तो उतरवणे हाही कामाच्या खर्चाचाच भाग समजावा.

परवानगीचीही किंमत असते. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, खैर, चंदन अशी झाडे आहेत. ती मालकाच्या शेतात असली तरी परवानगी लागते. शिरूर आणि दौंड या शहरांत नगरपरिषदांची हद्द असल्याने १९७५ चा नागरी वृक्ष कायदा आडवा येतो. परवानगी काढायची मालकाने, पण वाटेत अडतो तो कापणारा आणि त्याचा टेम्पो. म्हणून कागद हातात पडल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये.

सरकारी कामात आणखी एक मेख असते. पुणे-सोलापूर किंवा पुणे-नगर (आता अहिल्यानगर) यांसारख्या रस्त्यांच्या कडेची झाडे लिलावात निघाली तर सर्वांत जास्त बोलणाऱ्याला मिळतात. छाटणीचे काम निविदेने निघाले तर सर्वांत कमी भरणाऱ्याला मिळते. दोन्हींचे गणित उलट आहे. लिलावात लाकडाच्या किमतीतून तोडणी, वाहतूक आणि जोखीम वजा करून उरेल तेवढीच बोली. आवाज चढला म्हणून बोली चढवली, की ती वाढ आपल्याच मजुरीतून जाते. निविदेत अनामत गुंतते आणि बिल उशिरा निघते. तोवर उसने आणलेल्या पैशाचे व्याज दरात धरले नाही, तर मिळालेले कामही तोट्याचे ठरते. मोठा ठेकेदार हे सगळे धरतो, मग काम पोटठेक्याने आपल्यालाच देतो आणि मधला फरक खिशात घालतो.

याहून अवघड गोष्ट आपल्यातच आहे. मालक एकाच वस्तीतल्या तिघांना वेगवेगळे बोलावतो आणि एकाचा भाव दुसऱ्याला सांगतो. दहाचे आठ होतात, आठाचे सहा. जिंकतो तो चौथाच, झाडाचा मालक. यावर उपाय एकच. काम करणाऱ्यांनी एकत्र बसून कामाचा खालचा दर ठरवावा: चढणाऱ्याचा रोज इतका, टेम्पोची खेप इतकी, तारेजवळच्या झाडाला जादा इतके. वर कोणी कितीही मागावे, खाली कोणी उतरू नये. पतपेढीचा कर्जदर सर्वांना सारखा असतो, त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मग आपल्या दराचे का वाटावे?

आणि भाव ठरला की तो कागदावर यावा. कोणते झाड, बुडखा काढायचा की ठेवायचा, पाला-फांद्या कोणी न्यायच्या, लाकूड कोणाचे, तार बंद करून घेण्याची जबाबदारी कोणाची, विसार किती, बाकी कधी. पाच-सहा ओळींची चिठ्ठी, दोघांच्या सह्या. ‘आपल्याच गावातलं काम, चिठ्ठी कशाला?’ असे मालक म्हणेल. त्याने ट्रॅक्टर घेताना किती सह्या केल्या, हे त्याला नम्रपणे विचारावे.

शिकलेल्या पोरांना यात काम आहे. आपल्या वस्त्यांत पदवीधर झाले आहेत. त्यांनी बापाच्या, चुलत्याच्या कामाचा हिशेब वहीत मांडून द्यावा, घेर मोजायची टेप आणून द्यावी, निविदेचा अर्ज भरून द्यावा. आणि पुढच्या वेळी ‘किती घेशील?’ असा प्रश्न आला, की त्या वहीतला आकडा न अडखळता सांगायचा. मालकाने घासाघीस जरूर करावी, तो त्याचा हक्क आहे. पण ती आपण बोललेल्या आकड्यावरून सुरू झाली पाहिजे.