इंटरनेट-दूरध्वनीसंचांचे उत्पादन आणि ठाणे-डोंबिवली औद्योगिक पट्टा

दूरध्वनीसंच ही वस्तू दिसावयास जुनीच राहिली असली, तरी तिचे अंतरंग गेल्या तीन दशकांत पालटले आहे. जुन्या संचात ध्वनीचे विद्युत्‌प्रवाहात रूपांतर होऊन तो तारेवाटे थेट केंद्राकडे जात असे. इंटरनेट-संचात ध्वनीचे मापन सेकंदाला ८,००० वेळा होते. प्रत्येक मापाला ८ बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट होतात. त्यांची लहान लहान पुडकी बांधून ती संगणकांच्या जाळ्यातून पाठविली जातात. अर्थात हा संच म्हणजे वस्तुतः एक छोटा संगणकच होय.

१९९५ साली इस्राएलमधील व्होकलटेक या संस्थेने इंटरनेटवरून बोलण्याची आज्ञावली बाजारात आणली, आणि भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट-दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली. या घटनांचा उत्पादनावर झालेला परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. १९४८ साली बंगलोर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची स्थापना झाल्यापासून दूरध्वनीसंच बनविणे हा प्रामुख्याने सरकारी कारखान्याचा व्यवसाय होता; १९८४ नंतर खाजगी उद्योजकांस त्यात वाव मिळाला. नव्या संचाचे मूल्य मात्र पेटी, चकती आणि घंटी यांत नसून चकत्यांवरील सूक्ष्म मंडलांत आणि आज्ञावलीत सामावले आहे. ही मंडले बहुतांशी आयात करावी लागत असल्यामुळे निव्वळ जुळणीने देशात राहणारे मूल्य थोडे असते.

आयातशुल्काच्या धोरणाने ही उणीव भरून काढण्याचा यत्न झाला. १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला व अनेक साधनांवरील शुल्क क्रमाने उतरले. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटरनेट-दूरध्वनीसंचांसह काही दूरसंचार-साधनांवरील शुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडा-मंडळांनी भारताची काही शुल्के करारातील बंधनाशी विसंगत ठरविली. याच काळात मोबाइल संचांची निर्यात मात्र झपाट्याने वाढली. २०१४-१५ मध्ये सुमारे १,५०० कोटी रुपयांची असलेली ही निर्यात २०२४-२५ मध्ये सुमारे २ लाख कोटींवर गेली. तिची मुख्य केंद्रे नोइडा व श्रीपेरुंबुदूर ही होत. मेजावरील संचाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. कारण कचेऱ्यांतून त्याचे काम आता संगणक व मोबाइलवरील आज्ञावलीच करू लागली आहे.

या पार्श्वभूमीवर ठाणे जिल्ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा आरंभ १९६२ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटीतूनच झाला. आज तेथे आणि ऐरोलीकडे संगणक-सेवेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. म्हणजे या साधनांचे ग्राहक जिल्ह्यातच आहेत. याउलट डोंबिवलीचा पट्टा रसायने, रंग आणि कापडप्रक्रिया यांवर वाढला. २०१६ व २०२४ सालच्या मे महिन्यांत तेथे झालेल्या भीषण स्फोटांनी कामगारांचे व रहिवाशांचे बळी घेतले, आणि घरांना खेटून असलेल्या धोकादायक कारखान्यांच्या स्थलांतराचा प्रश्न ऐरणीवर आला. कारखाने हलले तर तेथील कामगारांच्या पोटाचे काय, हा त्याचाच दुसरा भाग होय.

विद्युत्‌साधनांची जुळणी हा पर्याय त्या संदर्भात सहज सुचतो. तथापि मागणी ओसरत असलेल्या एकाच वस्तूवर विसंबणे शहाणपणाचे ठरणार नाही. शिवाय रसायन-कारखान्यातील कारागिराचे कौशल्य जुळणीच्या कामास आपोआप लागू पडत नाही. त्यासाठी प्रशिक्षणाची तरतूद आधी हवी. साचेकाम, तारजोडण्या, वीजपुरवठ्याचे सुटे भाग आणि चाचणी ही कामे मात्र दूरध्वनीसंचाइतकीच इतर अनेक साधनांना लागतात. न्हावाशेवा बंदर आणि मुंबईचा विमानतळ जवळ असल्यामुळे निर्यातीचीही सोय आहे. एका वस्तूचा बाजार मंदावला तरी अशा कामांस दुसरे गिऱ्हाईक मिळू शकते. म्हणून या पट्ट्याच्या पुनर्रचनेत तयार संचापेक्षा सुट्या भागांच्या उद्योगास अग्रक्रम देणे अधिक हितावह ठरेल.