मोटारीची मूळ उंची

पूर्णा आणि केळणा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबादेभोवतालचा मुलूख काळ्या, भारी जमिनीचा आहे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन कपाशीला जितकी उदार, तितकीच आपल्या पाठीवरून जाणाऱ्या रस्त्याला निष्ठुर असते. माझ्या पुतण्याने पुण्याहून एक वापरलेली मोटार आणली, तिला पहिल्या मालकाने हौसेखातर आखूड स्प्रिंगा बसवून जमिनीलगत आणले होते, आणि शहरात शोभून दिसणारा तिचा तो डौल आमच्या गतिरोधकांवर पोट घासू लागताच निरुपयोगी ठरला. मूळ स्प्रिंगा मात्र मालकाने जपून ठेवल्या होत्या व मोटारीबरोबर स्वाधीन केल्या होत्या. तेव्हा त्या पूर्ववत चढविण्याची तजवीज घरच्या अंगणातच करण्याचे ठरले.

दोन्ही स्प्रिंगा फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या म्हणजे या साऱ्या प्रकरणाचे मर्म ध्यानात येते. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार वाकत नसून, सुंभाला द्यावा तसा तिला आपल्या अक्षाभोवती पीळ पडत असतो, आणि तो पीळ उलगडण्याची पोलादाची ओढ हीच मोटारीचा भार तोलून धरते. आखूड स्प्रिंगेला हालचालीस जागा थोडी, म्हणून ती अधिक ताठ करावी लागते. वेटोळी तीच ठेवून तारेची जाडी 12 मिलिमीटरवरून 13 केली, तरी तिचा ताठपणा सुमारे 38 टक्क्यांनी वाढतो, व हा ताठपणाच खड्ड्यागणिक बसणाऱ्याच्या पाठीला जाणवतो. जालन्याच्या कारखान्यांतून निघणारी बांधकामाची सळई वाकवावी तशी वाकून राहते. स्प्रिंगेचे पोलाद मात्र सिलिकॉन, मँगनीज अशा द्रव्यांच्या मिश्रणाने आणि तापवून विझविण्याच्या संस्काराने पूर्वस्थितीला परत येणारे झालेले असते.

चाकांचे नट मोटार जमिनीवर असतानाच सैल करून, मागच्या चाकांना दगडांची ओट लावून, मग तिला जॅकवर उचलले. पण जॅक हा केवळ उचलण्यासाठी, तोलून धरण्यासाठी नव्हे, हा दंडक पाळून तिचा भार लोखंडी घोड्यांवर टेकविला. ब्रेकची नळी मोकळी करून, खालचे दोन बोल्ट आणि बॉनेटखालचे तीन नट काढताच शॉकअप स्प्रिंगेसह हाती आला. यापुढचे काम धोक्याचे असते, कारण वरचा मधला नट स्प्रिंग दाबून न घेता सोडला, तर तिच्यात कोंडलेले बळ एका क्षणात सुटून माणसाला जायबंदी करू शकते. म्हणून समोरासमोर दोन दाबपट्ट्यांचे आकडे वेटोळ्यांत अडकवून त्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवीत जावे लागते. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग तिरपी होते, आणि आकडा निसटण्याची भीती तेथेच असते. परत बसवावयाची मूळ स्प्रिंग लांब असल्याने तिला अधिक दाबावे लागले, व तिचे खालचे टोक बैठकीतील खाचेला बिनचूक टेकल्याची खात्री झाल्यावरच ती तितक्याच सावकाश सैल केली. रबरी बुशांचे बोल्ट मात्र मोटार चाकांवर उतरवून, तिचा भार पडल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले असते, तर रबराला कायमचा पीळ राहून ते लवकर फाटले असते. चाकांचे अलाइनमेंट जालन्यास जाऊन करून घेतले, कारण उंची बदलली की चाकांचा कोनही बदलतो.

या उंचीचा संबंध कायद्याशीही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा फेरफारास मुभा देत नाही, व जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. निर्माता मोटारीची उंची ठरवितो ती भार, ब्रेक, वळण आणि रस्ता या सर्वांचा मेळ घालून. म्हणून तीत हात घालण्यापूर्वी त्या हिशेबाचा आदर प्रत्येक तरुणाने करावा असे मला मनापासून वाटते. निदान वेटोळी ग्राइंडरने कापण्याचा किंवा गॅसने तापवून स्प्रिंग दबवून आखूड करण्याचा स्वस्त इलाज कोणीही करू नये. तापविल्याने पोलादाचा संस्कारच नाहीसा होतो, कापल्याने टोकाची बैठक बिघडते, आणि या दोन्ही गोष्टींची भरपाई मागाहून होत नाही.